पहिला सिगार निवडताना: आकार, पानांचं मिश्रण आणि किंमत यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लग्नसराई आली, दिवाळीच्या सुट्टीत परदेशातून कुणी घरी आलं, की माझ्याकडे सिगारबद्दलचे प्रश्न यायला लागतात. बरेचसे तेच ते असतात, म्हणून इथे एकत्र केले आहेत. जिथे उत्तर दुसऱ्या प्रश्नात आलं आहे, तिथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. मी आजवर तंबाखूला हात लावलेला नाही. सिगार सुरू करू का?

नको. धूर छातीत ओढत नाहीत, म्हणून सिगार निरुपद्रवी, असं बरेच जण धरून चालतात. ते चूक आहे. सिगारचा धूर अल्कधर्मी असतो, त्यामुळे त्यातलं निकोटिन तोंडाच्या आतल्या त्वचेतूनच रक्तात उतरतं. तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका आणि फुप्फुस यांच्या कर्करोगाशी सिगारचा थेट संबंध आहे. एका मोठ्या सिगारमध्ये सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाइतकी तंबाखू असू शकते. घरात लहान मूल असेल, कुणी गरोदर असेल, तर त्या धुराचा त्रास त्यांनाही आहे. आणि अठरा वर्षांखालच्या कुणाला तंबाखू विकणं हा आपल्याकडे गुन्हा आहे.

पुढचं सगळं, हे माहीत असूनही कधीतरी एखादा सिगार ओढायचा असं ज्यांनी ठरवलं आहे, त्यांच्यासाठी आहे.

२. सिगार आणि सिगारेट यांत नेमका फरक काय? आणि चिरूट म्हणजे सिगारच ना?

सिगारेटमध्ये बारीक कापलेली तंबाखू कागदात असते. सिगारमध्ये कागद नसतोच, आतून बाहेरून सगळी पानंच. आतला गाभा म्हणजे फिलर. त्याला आवळून धरणारं पान म्हणजे बाइंडर. सगळ्यांत वर दिसतं ते देखणं, पातळ पान म्हणजे रॅपर. ही पानं आधी वाळवतात, मग त्यांचे मोठे ढीग रचून ती कित्येक महिने आंबवतात. ढिगात आतून उष्णता वाढते, अमोनिया निघून जातो आणि पानाचा उग्रपणा उतरतो.

‘चिरूट’ हा शब्द आपल्याकडे तमिळमधल्या ‘सुरुट्टु’वरून आला, त्याचा अर्थ गुंडाळलेलं. तिरुचिरापल्लीचे चिरूट इंग्रजांच्या काळात पार विलायतेपर्यंत जात, आणि त्यांना लागणारी तंबाखू दिंडीगुलच्या बाजूची. चिरूट दोन्ही टोकांना सरळ कापलेला असतो. सिगारच्या तोंडाकडच्या टोकाला मात्र पानाचीच छोटी टोपी चिकटवलेली असते, ती ओढण्याआधी कापावी लागते. निपाणीच्या तंबाखूचा सिगार का होत नाही, असंही मला विचारतात. ती बिडीची तंबाखू, चुरा करून भरायची. सिगारला लांब, अखंड, लवचीक पान लागतं.

३. दुकानदार ‘पाच बाय पन्नास’ म्हणाला. हे काय माप आहे?

पहिला आकडा लांबीचा, इंचांत. दुसरा जाडीचा, त्याला रिंग गेज म्हणतात. एका इंचाचे ६४ भाग करायचे, त्यातले किती भाग व्यास आहे तो आकडा म्हणजे रिंग गेज. पन्नास म्हणजे ५०/६४ इंच, जवळजवळ दोन सेंटिमीटर. क्यूबन सिगारची लांबी बहुधा मिलिमीटरमध्ये दिलेली असते, जाडी मात्र त्याच रिंग गेजमध्ये.

जाडीच्या आकड्यात थोडासा फरक दिसला तरी आत पानं बरीच वाढतात. लांबी तीच ठेवून ४२ च्या जागी ५२ गेजचा सिगार घेतला, तर तंबाखू जवळपास दीडपट होते.

४. मग पहिल्यांदा कोणता आकार घेऊ?

मी उलट विचारतो: तुमच्याकडे निवांत वेळ किती आहे? आकार निवडायचा तो वेळ बघून. सिगार घाईत ओढला की तापतो आणि कडू होतो. अर्ध्यावर कंटाळा आला तर पैसे वाया जातात.

नेहमी दिसणारे आकार साधारण असे आहेत. पेटिट कोरोना पाच इंचांच्या किंचित वर आणि ४२ गेजचा; अर्धा तास. रोबुस्टो पाच इंच, ५० गेज. पाऊण तास ते तास. टोरो सहा इंच, ५० ते ५२ गेज; तासाच्या वर. चर्चिल सात इंच, ४७ गेज. सव्वा ते दीड तास. विन्स्टन चर्चिल यांचं नाव मिळालेला तो हाच आकार. लॅन्सेरो साडेसात इंच आणि फक्त ३८ गेज. गॉर्डो सहा इंच, ६० गेज.

माझा सल्ला: पहिल्यांदा पेटिट कोरोना किंवा आखूड रोबुस्टो. माझ्या मेहुण्याने हळदीच्या रात्री, उपाशीपोटी, पहिलाच सिगार म्हणून चर्चिल पेटवला. पंचवीस मिनिटांत पांढराफटक पडून तो मांडवाच्या मागे बसला होता, कपाळावर घाम आणि हात थंडगार. त्यानंतर मी कुणालाही पहिल्या वेळी सात इंचांच्या जवळ जाऊ देत नाही.

‘बारीक घेतो, म्हणजे सोपं जाईल’ असं वाटत असेल तर थांबा. लॅन्सेरोसारखा बारीक सिगार लगेच तापतो, त्याला सवयीचा संथ हात लागतो. नवख्या माणसाला मधली जाडी, ४२ ते ५०, जास्त सांभाळून घेते.

५. मोठा सिगार म्हणजे जास्त कडक?

नाही. कडकपणा येतो पानांतून. चार इंचांचा सिगार डोकं गरगरवू शकतो आणि सात इंचांचा मऊ लागू शकतो. उलट बारीक सिगारमध्ये फिलर कमी असल्याने रॅपरची चव जास्त पुढे येते. एक गोष्ट मात्र खरी: शेवटच्या तिसऱ्या भागात प्रत्येक सिगार आधीपेक्षा जड लागतो, आणि लांब सिगारमध्ये तिथे पोचेपर्यंत तुम्ही बरंच निकोटिन घेतलेलं असतं.

६. काळा सिगार कडक आणि फिकट सिगार सौम्य, हे तरी खरं ना?

हेही नाही, आणि या समजुतीपायी बरेच जण चांगल्या सिगारला मुकतात. काळ्या रॅपरला मादुरो म्हणतात. ते पान जास्त काळ आणि जास्त उष्णतेत आंबवलेलं असतं, त्यातून रंगही येतो आणि गोडसर चवही: कोको, कॉफी, काळ्या मनुकांसारखी. मेक्सिकोतलं सान आंद्रेस आणि कनेटिकटचं ब्रॉडलीफ ही त्यातली नेहमीची पानं. आत सौम्य फिलर असेल तर काळाकुट्ट सिगारही सहज झेपतो.

फिकट सोनेरी रॅपर बहुधा कनेटिकट शेड असतं. अमेरिकेतल्या कनेटिकट नदीच्या खोऱ्यात कापडी मांडवाच्या सावलीत ते पिकवतात. इक्वाडोरमध्येही याच जातीचं पान घेतात, तिथे सावलीचं काम ढगच करतात. चव मलईसारखी, किंचित गवताची. पण त्याच्या आत निकाराग्वाची जड पानं भरली, तर तो सौम्य राहत नाही.

७. ब्लेंड म्हणजे काय, आणि तो दुकानात उभ्या उभ्या कसा ओळखायचा?

ब्लेंड म्हणजे फिलर, बाइंडर आणि रॅपर यांत कोणकोणत्या पानांचं मिश्रण आहे ते. आपल्याकडे प्रत्येक घराचा गोडा मसाला वेगळा लागतो, जिन्नस बहुतेक तेच असतात, प्रमाण बदलतं. इथेही तसंच आहे.

एकाच झाडाची पानं सारखी नसतात. खालची वोलादो: चव कमी, पण नीट जळतात. मधली सेको: सुगंध त्यांचा. वरची लिखेरो: भरपूर ऊन खाल्लेली, जाड, तेलकट, सावकाश जळणारी आणि सगळ्यांत कडक. ब्लेंडमध्ये लिखेरो जितकं जास्त, तितका सिगार जड. वळणारा कारागीर ते मुद्दाम मधोमध ठेवतो, म्हणजे कडेने पातळ पानं जळत राहतात आणि सिगार विझत नाही.

दुकानात हे आतलं काही दिसत नाही. तिथे दोन गोष्टी विचारा. एक, रॅपर कोणतं. दोन, फिलर कुठलं. डोमिनिकन रिपब्लिक, म्हणजे सिबाओच्या खोऱ्यातली पानं, सहसा सौम्य ते मध्यम. होंडुरास मध्यम, थोडं मातकट. निकाराग्वातलं एस्तेली मिरमिरीत आणि जड, तिथलंच हालापा जरा गोडसर. कनेटिकट रॅपर आणि डोमिनिकन फिलर असं उत्तर आलं, तर पहिल्या सिगारसाठी निर्धास्त घ्या. तिसरा-चौथा सिगार कॅमेरूनच्या रॅपरचा घेऊन बघा. त्यात दालचिनी-मिऱ्यासारखा हलका मसाला असतो, आणि मला वाटतं आपल्या जिभेला तो पटकन ओळखीचा वाटतो.

८. कंपन्यांची नावं सांगा ना. सौम्य, मध्यम म्हणून दुकानात काय मागू?

फक्त उदाहरणादाखल सांगतो. सौम्य म्हणून मॅकॅन्युडो कॅफे आणि अ‍ॅश्टन क्लासिक ही दोन वर्षानुवर्षं सांगितली जाणारी नावं, दोन्हींवर कनेटिकट शेड. कॅमेरून चाखायचं असेल तर ओलिव्हा सेरी जी. पाद्रोन १९६४ हा उत्तम सिगार आहे, पण तो पहिला नको, दहावा असू दे. दुकानात यांतलं काही नसेल तर प्रश्न ७ मधले दोन प्रश्न विचारा, काम होतं.

९. क्यूबनच सगळ्यांत भारी असतात ना? मग थेट तिथूनच सुरुवात का नको?

क्यूबाच्या पिनार देल रिओ प्रांतातल्या वुएल्ता आबाहो भागाची माती आणि हवा खरोखरच असामान्य आहे. पण ‘क्यूबनच भारी’ हे वाक्य आज तसंच्या तसं म्हणता येत नाही. १९५९ च्या क्रांतीनंतर, १९६० मध्ये, तिथला सिगारधंदा सरकारने ताब्यात घेतला. कित्येक तंबाखू-कुटुंबं देश सोडून डोमिनिकन रिपब्लिक, होंडुरास आणि निकाराग्वात गेली. १९६२ मध्ये अमेरिकेने क्यूबाशी व्यापारबंदी केली, आणि या नव्या ठिकाणच्या सिगारना मोठी बाजारपेठ मिळाली. गेल्या साठ वर्षांत त्यांनी जे काम केलं आहे, ते क्यूबाच्या तोडीचं आहे असं माझं मत आहे.

यातून एक गोंधळ झाला, तो लक्षात ठेवा. मोंतेक्रिस्तो, रोमियो इ हुलिएता, पार्तागास, कोहिबा ही नावं क्यूबातही आहेत आणि क्यूबाबाहेरही. नाव एक, कंपन्या वेगळ्या, पानं वेगळी. किंमत ऐकण्याआधी ‘कुठला बनलेला?’ हे विचारा.

नवख्याने क्यूबनपासून सुरुवात करू नये, यामागे आणखी एक कारण आहे. ताजा क्यूबन सिगार कधी कधी कच्चा लागतो, अमोनियाचा वास येतो, त्याला काही महिने पडून राहावं लागतं. आणि पैसे फार जातात. २०२२ मध्ये कोहिबाच्या किमती जगभर हाँगकाँगच्या पातळीवर नेल्या गेल्या आणि अनेक देशांत त्या एकदम चढल्या. त्याच सप्टेंबरात इयन चक्रीवादळाने पिनार देल रिओमधली पानं वाळवायची कोठारं मोठ्या प्रमाणावर पाडली. क्यूबनच चाखायचा असेल तर मोंतेक्रिस्तो नंबर ४ घ्या: १२९ मिलिमीटर, ४२ गेज, म्हणजे प्रश्न ४ मधला पेटिट कोरोनाच.

१०. किती पैसे घालावेत? महाग तो चांगला असतो का?

एका मर्यादेपर्यंत हो, पुढे नाही. अमेरिकेत हाताने वळलेला, नीट जमलेला सिगार सहा ते बारा डॉलरमध्ये मिळतो. भारतात आयातशुल्क आणि जीएसटी चढल्यामुळे त्याच सिगारला बरेच जास्त पडतात. त्या वरच्या पैशांनी चव वाढत नाही.

खालच्या टोकाला मात्र किमतीचा थेट परिणाम दिसतो. लांब फिलर म्हणजे सिगारच्या लांबीइतकी अखंड पानं. आखूड फिलर म्हणजे कापलेले तुकडे. लांब फिलर सावकाश, थंड जळतो आणि राख एकसंध धरतो. क्यूबन सिगारच्या भाषेत ‘त्रिपा लार्गा’ म्हणजे लांब, ‘त्रिपा कोर्ता’ म्हणजे आखूड. होसे एल. पिएद्रा आणि किन्तेरो स्वस्त का पडतात, याचं उत्तर तिथेच आहे. ते हाताने वळलेलेच असतात, आतली पानं तुकड्यांची असतात. कारखान्यात यंत्राने बनलेल्या सिगारमध्येही बहुधा तुकडेच. व्हॅनिला, चेरी असे वास लावलेले सिगार मी नवख्यांना सुचवत नाही, कारण त्यातून पानाची चव कळतच नाही.

मधल्या किमतीत फरक पडतो तो पान किती वर्षं मुरवलं, रॅपर किती निर्दोष निवडलं आणि नाव किती मोठं आहे यामुळे. पहिले दहा सिगार सुटे घ्या, प्रत्येक वेळी वेगळा, आणि घेताना मधली किंमत ठेवा. खोकं तेव्हाच, जेव्हा एकच सिगार तीन वेगवेगळ्या दिवशी आवडला असेल. आकार लहान घेतला की त्याच ब्लेंडची ओळख कमी पैशात होते, हा प्रश्न ४ चा आणखी एक फायदा.

११. दुकानात सिगार हातात घेतल्यावर नेमकं काय बघायचं?

आधी परवानगी घ्या. मग अंगठा आणि तर्जनी यांच्या मधे धरून टोकापासून टोकापर्यंत अगदी हलकं दाबत जा. पिकत आलेल्या चिकूसारखा तो थोडा दबला पाहिजे आणि परत वर आला पाहिजे. कुरकुर आवाज आला तर वाळलाय. एखाद्या जागी गाठीसारखा टणक लागला तर तिथे ओढ अडकेल. पोकळ लागला तर तिथे भसाभस जळेल. जळणारं टोक बघा: पानांच्या घड्या सगळीकडे सारख्या दिसायला हव्यात. रॅपरवर बारीक शिरा चालतात, चीर चालत नाही. सिगार नाकाला लावू नका, दुसऱ्यालाही तो घ्यायचा असतो. थोडा दूर धरूनही वास येतो.

सेलोफेन पिवळसर पडलं असेल तर घाबरू नका, पानांतलं तेल उतरून ते तसं होतं. मला ते जुनेपणाचं चांगलं लक्षण वाटतं.

१२. सुट्टीत समुद्रकिनाऱ्यावर एकाने अर्ध्या किमतीत कोहिबाचं खोकं देऊ केलं. घेऊ?

नका घेऊ. मी एकदा घेतलं होतं, काचेचं झाकण असलेलं. घरी येऊन एक सिगार ब्लेडने उभा चिरला, आत केराच्या सुपलीत जमतो तसा चुरा निघाला. कोहिबा काचेच्या झाकणाच्या खोक्यात येतच नाही, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

खऱ्या क्यूबन खोक्यावर डाव्या बाजूला हिरवं सरकारी सील असतं, त्यावर बारकोड, तो हाबानोस या क्यूबन सिगार जगभर विकणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर तपासता येतो. वरच्या कोपऱ्यात तिरपी हाबानोस पट्टी असते. खाली लाकडात डाग देऊन उमटवलेली अक्षरं असतात, आणि शेजारी कारखान्याचा संकेत व महिना-वर्षाचा शिक्का. महिना स्पॅनिशमध्ये असतो. भारतात विकल्या जाणाऱ्या खोक्यावर आरोग्याचा सचित्र इशारा कायद्याने हवाच. तो नसेल तर माल रीतसर मार्गाने आलेला नाही.

१३. परदेशातून येताना किती आणता येतात?

भारतात येणाऱ्या प्रवाशाला २५ सिगारपर्यंत सवलत आहे. सिगारेट असतील तर १००, सुटी तंबाखू असेल तर १२५ ग्रॅम. २५ चं खोकं म्हणूनच सोयीचं. सामान चेक-इन करण्यापेक्षा हातातल्या बॅगेत, हवाबंद पिशवीत ठेवा. निघण्याआधी नियम एकदा ताजे बघून घ्या.

१४. आपल्या हवेत सिगार ठेवायचे कसे? ह्युमिडॉर, म्हणजे आर्द्रता राखणारी सिगारची पेटी, घ्यावाच लागतो का?

लागत नाही. दहा-वीस सिगारना स्वयंपाकघरातला रबरी कडा असलेला हवाबंद डबा पुरतो. त्यात ६५ किंवा ६९ टक्क्यांची आर्द्रता राखणारी पुडी टाका. बोव्हेडा या नावाने ती मिळते, कमी असेल तर ओल देते, जास्त असेल तर शोषते. डबा आधी कोमट पाण्याने धुऊन, उन्हात वाळवून, वास पूर्ण गेल्यावर वापरा. लोणच्याचा किंवा मसाल्याचा डबा कदापि नको, सिगार तो वास धरतो.

६५ ते ७० टक्के आर्द्रता आणि १८ ते २१ अंश तापमान हे आदर्श. मुंबईच्या पावसाळ्यात बाहेरची हवाच ८० टक्क्यांच्या पुढे असते, तेव्हा डबा कमी वेळा उघडा. नागपूर किंवा सोलापूरच्या उन्हाळ्यात उलटी तऱ्हा: पुडी महिन्या-दोन महिन्यांत कडक होते, बदलावी लागते. डबा घरातल्या सगळ्यांत थंड, अंधाऱ्या जागी ठेवा. फ्रिजमध्ये नको, तिथे हवा कोरडी असते.

१५. सिगारवर पांढरं काहीतरी आलंय. आणि एकावर टाचणीएवढं भोक आहे.

पांढरं बहुतेक वेळा बुरशी असते. जुने लोक त्याला सिगार मुरल्याची खूण म्हणतात. माझ्या मते त्या आशेवर राहू नये. लोकरीसारखं, हिरवट-निळसर किंवा जळणाऱ्या टोकात आत गेलेलं असेल तर सिगार फेका.

भोक म्हणजे तंबाखूचा किडा. त्याची अंडी पानातच असतात आणि तापमान २४-२५ अंशांच्या वर गेलं की ती उबतात, म्हणजे आपल्याकडे वर्षातले बरेच महिने. बाकीचे सिगार दुहेरी पिशवीत बांधून तीन दिवस डीप फ्रीझरमध्ये ठेवा, मग एक दिवस साध्या फ्रिजमध्ये, मग बाहेर. थेट बाहेर काढले तर रॅपर तडकतं.

१६. कापायचा किती, पेटवायचा कसा, आणि चक्कर आली तर?

टोपीचा फक्त वरचा भाग कापा, दोन मिलिमीटर पुरे. टोपीची गोलाई जिथे संपते त्या खांद्याच्या खाली गेलात तर रॅपर सुटतं. पेट्रोलचा लायटर नको, वास लागतो. गॅसचा लायटर किंवा लांब काडी घ्या. ज्योत टोकाला चिकटवू नका, थोडी दूर धरून गोल फिरवत टोक भाजा, मग ओढा. मिनिटाला एक झुरका, धूर तोंडातच. राख सारखी झटकू नका.

उपाशीपोटी कधीच नको. घाम, मळमळ, गरगर सुरू झाली की सिगार लगेच खाली ठेवा, मोकळ्या हवेत बसा, पाणी आणि काहीतरी गोड घ्या. मी गुळाचा खडा जवळ ठेवतो. संपवलाच पाहिजे असं काही नाही. ताटलीत ठेवून दिला की आपोआप विझतो, चुरगळला तर खोलीभर वास राहतो.

१७. अर्धा उरलेला उद्या ओढू का?

तासाभरात परत पेटवलात तर ठीक. दुसऱ्या दिवशी तो कडू आणि शिळा लागतो. वेळच कमी असेल, तर प्रश्न ४ परत वाचा.

१८. कुठे ओढता येतो?

सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला २ ऑक्टोबर २००८ पासून देशभर बंदी आहे, सिगारही त्यात आला. दंड २०० रुपयांपर्यंत. तीस किंवा जास्त आसनांच्या उपाहारगृहात वेगळी धूम्रपानाची खोली असू शकते. सोसायटीच्या बाल्कनीत ओढत असाल तर वरच्या मजल्यावरच्यांना आधी विचारा. सिगारचा धूर सिगारेटपेक्षा जास्त वेळ रेंगाळतो, आणि त्यांची खिडकी उघडी असते.

१९. मला स्वतःला ओढायचा नाही, सासऱ्यांना भेट द्यायचा आहे. काय घेऊ?

ते आधीपासून ओढत असतील तरच द्या. ते नेहमी कोणता ओढतात, हे सासूबाईंना विचारून घ्या, आणि त्याच ब्लेंडमधले वेगळ्या आकाराचे तीन घ्या. काही कळलं नाही तर मध्यम ब्लेंडचे दोन रोबुस्टो आणि एक चांगला कटर. सिगार संपतील, कटर राहील. आणि त्यांना हृदयाचा त्रास असेल, तर भेट म्हणून दुसरं काहीतरी बघा.